मिरजेचा तीन

"मागच्या वर्षी दोन कचोऱ्या होत्या. यंदा एक. आणि तीही गार."

सुवर्णाच्या पुढच्या रांगेतले आजोबा शेजारच्याला सांगत होते. त्यांच्या मते ते हळू बोलत होते. मांडीवरचा खोका त्यांनी मिटला आणि पुन्हा उघडून बघितला, जणू तेवढ्यात दुसरी कचोरी येऊन बसली असेल.

"यावरून काय ते समजा," शेजारचा म्हणाला. "शेअर विका म्हणतो मी. माझ्या मुलीनं कधीच विकले."

तृणगंध बायोटेकची वार्षिक सभा चालली होती. बाकीच्या कंपन्यांनी सभा केव्हाच पडद्यावर नेल्या होत्या. भागधारक घरी बसून भाजी निवडत ऐकायचे. तृणगंधच्या डॉ. चारुशीला शहापुरे मात्र हट्टाने मिरजेत मंगल कार्यालय घ्यायच्या. माणूस समोर बसला की शंका कमी घेतो, असं त्यांचं म्हणणं. यंदा दोन तास झाले तरी लोक शंकाच घेत होते.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. दहा वर्षांपूर्वी कायदा सैल झाला तेव्हा भांगेच्या झाडावर उभ्या राहिलेल्या कंपन्या भराभर शेअर बाजारात उतरल्या आणि बऱ्याचशा तितक्याच भराभर बुडाल्या. तृणगंध टिकली ती एका औषधावर. भांगेच्या झाडात मुख्य द्रव्यं दोन. एक डोक्यात चढतं, दुसरं नसांची चिडचिड शांत करतं. चारुशीलाबाईंनी झाडाच्या जनुकांत फेरफार करून पहिलं जवळजवळ काढून टाकलं आणि दुसरं वाढवलं. त्याचे थेंब केले आणि नाव ठेवलं 'निवळ'. जिभेखाली सहा थेंब सकाळी, सहा संध्याकाळी.

अडचण एवढीच, की ताप मोजता येतो, साखर मोजता येते, दुखणं मात्र ज्याचं त्यानं सांगायचं. म्हणून कंपनीनं गावोगाव नोंदणीताई नेमल्या. सुवर्णा चौगुले मिरजेची. टॅब घेऊन घरोघर जायचं आणि विचारायचं, "शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज किती?"

अहवाल वाचून झाला की चारुशीलाबाई सुवर्णाला उभं करायच्या. दरवर्षीचा रिवाज होता.

"माझे मिस्टर सोलर पॅनल पुसायला पत्र्यावर चढले आणि घसरले," ती म्हणाली. आता हे तिला पाठ होतं. "मणक्यातली नस दबली. डाव्या पायात कोणीतरी तापलेली सळई फिरवतंय, असं ते म्हणायचे. आकडा आठ. निवळ सुरू केलं आणि सहा आठवड्यांत आठाचा तीन झाला. हे मी माझ्या प्रत्येक पेशंटला सांगते."

टाळ्या पडल्या, पण दरवर्षीसारख्या नाहीत. मग मागून एक तिशीतला मुलगा उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, पायात धुळीनं भरलेले बूट.

"मी निहार पत्की. आमच्या फंडाकडे तुमचे बरेच शेअर आहेत, म्हणून विचारतो. मिरजेत बासष्ट रुग्ण आहेत. औषधानंतर त्यातल्या चव्वेचाळीस जणांचा आकडा तीन. दोन नाही, चार नाही, तीन. नागपूरला, लातूरला असं होत नाही. आमच्या ऑफिसात याला 'मिरजेचा तीन' म्हणतात."

लोक हसले. सगळे हसले म्हणून सुवर्णाही हसली, आणि मग तिचे कान तापले.

"मग मोजा," चारुशीलाबाई म्हणाल्या. "आता मशीन आलंय. मिरजेपासून सुरुवात करा. बासष्टच्या बासष्ट."

वेदनामापक दीड वर्षापूर्वी बाजारात आला होता. दिसायला कपाळाला बांधायचा पट्टा, भाजीवाल्या बायका डोकं दुखलं की फडकं बांधतात तसा. माणसाला दुखतं तेव्हा मेंदूच्या ठरावीक भागांत ठरावीक लाटा उठतात, डोळ्याची बाहुली किंचित फाकते, कातडीवर घामाचा बारीक ओलावा येतो. यातलं एकेक वेगळं घेतलं तर काहीच सांगता येत नाही. पण हजारो माणसांच्या नोंदी एकत्र करून यंत्राला शिकवल्यावर ते दोन मिनिटांत शून्य ते दहातला आकडा सांगू लागलं. तान्ही बाळं, बेशुद्ध माणसं, वाचा गेलेली माणसं, यांच्यासाठी ते बनवलं होतं. बोलू शकणाऱ्यांना ते लावायची वेळ येईल, असं बनवणाऱ्यांच्या डोक्यातही नसावं.

घरी आल्यावर उत्तमनं पहिला प्रश्न विचारला, "खायला काय होतं?"

"कचोरी. एकच."

"मग कंपनीचं काही खरं नाही."

तो नेहमीच्या जागी होता. डावा पाय स्टुलावर, समोर पाटावर उघडलेली मोटार. पडल्यावर त्याचं रिवायंडिंगचं दुकान गेलं, पण लहान मोटारी लोक घरी आणून द्यायचे. तांब्याची तार तो इतक्या सावकाश गुंडाळायचा, की बघणाऱ्याला झोप यावी.

सुवर्णानं सभेतलं सगळं सांगितलं. निहारचा धुळीचा बूटसुद्धा सांगितला. बासष्टच्या बासष्ट जणांना मोजणार, हे तेवढं राहून गेलं. बासष्टांत सातवं नाव उत्तमचं होतं.

"आज किती?" तिनं सवयीनं टॅब उघडला.

"तीन," तो तारेकडे बघत म्हणाला.

*

पहिलं घर आक्काताई मगदूमांचं. मालगाव रस्त्याला, पेरूच्या झाडाखाली. आक्काताईंना दोन वर्षांपूर्वी नागीण झाली होती. फोड गेले, आग राहिली. सुवर्णा आली की त्या आधी पेरू द्यायच्या, मग आकडा.

पट्टा बांधून घेताना त्या लाजल्या. "लग्नात मुंडावळ्या बांधल्यात त्यानंतर हेच बघ."

फंडातर्फे मोजणीवर आलेला निहार टॅब घेऊन उभा होता. दोन मिनिटांनी आकडा आला. आठ पूर्णांक चार.

"चुकलं असेल," सुवर्णा म्हणाली. पुन्हा लावलं. आठ पूर्णांक तीन.

"आक्काताई, परवा तर तुम्ही मला तीन सांगितलं."

"मग काय सांगू? पयल्याच दिवशी तू म्हणलीस, आमच्या घरात आठाचा तीन झाला. तुझं तोंड किती फुललं हुतं ते सांगताना! एवढ्या उन्हातनं येतीस, पायाशी बसून विचारतीस. तुला आठ सांगून माघारी धाडू व्हय?"

"अहो, पण दुखतंय ना!"

"दुखतंय ते दुखतंय. त्यात तुझा काय दोष?" मग त्या निहारकडे वळल्या. "तू पेरू घे की रं. किती वाळलायस."

निहारनं पेरू घेतला. टॅबवर मात्र बराच वेळ काही लिहिलं नाही.

पुढच्या बारा दिवसांत घरामागून घर तेच झालं. पिरजादे सर तेहतीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेले. तोंडानं तीन, पट्ट्यावर सात. ते म्हणाले, "सून स्वतः थेंब घालते आणि मग माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. कामावर जायची असते तिला. तिला काय म्हणू, बेटा, फरक नाही? मग ती दिवसभर ते डोक्यात घेऊन फिरणार." सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिल्याचा आवाज आला.

औषध खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. मोजलेल्या एकसष्ट जणांत नऊ जणांचा आकडा खरोखर उतरलेला निघाला. बेळंकीच्या एका बाईंचा पट्टा दोनवर थांबला, तेव्हा सुवर्णानं त्यांना मिठीच मारली. बाकीच्यांच्या शरीरात, चारुशीलाबाईंनी फोनवर समजावलं, ते द्रव्य तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, फार जोरात असतं. औषध नसांपर्यंत पोचायच्या आधीच संपतं. पहिल्या महिन्यात खरा आकडा कळला असता, तर दुसरं औषध देता आलं असतं. बाई हे अगदी शास्त्रीय आवाजात सांगत होत्या, आणि मध्येच त्यांना खोकला आला, आणि तो थांबेना.

मिरजेची बातमी फुटली आणि शेअर आपटला. पडद्यावर तज्ज्ञ लोक तावातावानं बोलले, की आम्ही पहिल्यापासून सांगत होतो. आक्काताईंचं नाव कोणीच घेतलं नाही.

परतीच्या वाटेवर, रेल्वे फाटकाशी गाडी थांबली असताना निहार म्हणाला, "काकू, खरं सांगू? मला वाटलं होतं आकडे तुम्ही बनवताय. घरी बसून. तसं असतं तर मला कळलं असतं. असली प्रकरणं मी पकडलीयत. हे मी काय लिहू?"

"लिहा, की मिरजेची माणसं फार चांगली आहेत."

"त्याला रकाना नाही."

"मग लिहा, नोंदणीताई मूर्ख आहे."

आगगाडी धडधडत गेली. फाटक उघडलं.

"एकच घर राहिलंय," तो मग म्हणाला. रस्त्याकडे बघत. "सातवा क्रमांक."

"उद्या."

"कालही तुम्ही उद्याच म्हणालात."

"मग उद्या परवा म्हणेन," सुवर्णा म्हणाली, आणि दोघंही कसनुसं हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुशीलाबाईंचा फोन आला. "तुझं घर वगळू या, सुवर्णा. कर्मचाऱ्याचा नवरा म्हणजे हितसंबंध आला. नियमातही बसतं. निहारशी बोललेय मी, त्याची हरकत नाही."

"पण बाई, सगळं सुरूच तिथून झालं."

"म्हणून तर." बाईंनी आवाज खाली आणला. "तू समजून घे."

काय समजून घ्यायचं ते दोघींनाही कळत होतं. फोन ठेवताना बाईंनी उत्तमची तब्येत विचारली नाही. सहा वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

सुवर्णा कपाटापुढे जाऊन उभी राहिली. वरच्या खणात उत्तमच्या आजारपणाची फाईल होती. ती उघडायची तिला गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका रुग्णालयातून पत्र आलं होतं. तिथे मणक्याजवळ केसाएवढी बारीक तार बसवतात. ती नसेला मंद झटके देत राहते आणि दुखण्याचा निरोप वाटेतच अडवते. रांग मोठी होती, म्हणून सातच्या वर आकडा असलेल्यांनाच घेत होते. उत्तमचा नंबर लागला होता. आताचा आकडा कळवा, एवढंच पत्रात होतं. आणि खाली एक ओळ होती, की दुखापतीनंतर पाच वर्षांच्या आत तार बसली तरच गुण येतो, पुढे नस त्या दुखण्यालाच सरावते.

पडल्याला आता सात वर्षं होत आली होती.

त्या वेळी तिनं पुण्याला फोन लावून सांगितलं होतं, "आमचं नाव काढून टाका. आमचा तीन आहे. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या." फोनवरच्या मुलीनं अभिनंदन केलं होतं. सुवर्णानं ते अभिनंदन त्या वर्षीच्या सभेतसुद्धा सांगितलं होतं.

*

दुपारी जेवणं झाल्यावर उत्तमनंच विषय काढला. मिरज एवढं मोठं गाव नाही.

"पिरजादे सर सात निघाले म्हणे."

"हो."

"आणि मगदूम मावशी?"

"आठ."

त्यानं तारेचा वेढा मोजून घेतला, मग दुसरा. "माझं नाव यादीत असेल."

"बाई म्हणाल्या, तुमचं वगळायचं. घरचं माणूस नियमात बसत नाही."

"बरं झालं की मग." तो मोटारीवर वाकला. "हे बेअरिंग पार गेलंय. तो कालचा माणूस म्हणतो, नुसतं तेल घाला. तेलानं काय होतंय?"

सुवर्णा पिशवीतून पट्टा काढून घेऊन आली आणि त्याच्यासमोर खाली बसली. आक्काताईंच्या पायाशी बसायची, तशीच. त्यानं पट्ट्याकडे बघितलं.

"माझ्या डोक्याचं रिवायंडिंग करणार वाटतं?"

"बघू की."

"नियमात बसत नाही म्हणालीस ना?"

"कंपनीच्या नाही बसत."

तिनं पट्टा बांधला. केस मागे सारताना कळलं, की ते फार पांढरे झालेत, आणि कपाळ ओलं आहे. पंखा जोरात होता. यंत्रावरचा हिरवा ठिपका लुकलुकू लागला. दोन मिनिटं. उत्तम ताठ बसला होता, फोटो काढून घेताना बसतात तसा. डावा हात मांडीवर होता आणि त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. अशी पांढरी बोटं तिनं आधीही बघितली होती. पलंगाच्या कडेवर, बाथरूमच्या कडीवर. गेल्या सहा वर्षांत चादरी डाव्या बाजूनं उजवीपेक्षा लवकर फाटत होत्या. तिनं दर वेळी नवीन चादर घातली होती आणि कापड वाईट येतं म्हणून दुकानदाराला बोल लावला होता.

यंत्र टिक्कन वाजलं. आकडा आला होता.

सुवर्णानं न बघता पडदा तळव्याखाली झाकला. मग पट्टा सोडून बाजूला ठेवला.

"काय आलं?" त्यानं विचारलं.

"नाही बघितलं."

"का गं?"

"मशीनचं नकोय मला. तुम्ही सांगा. आज किती?"

"तीन," उत्तम म्हणाला. विचारल्याबरोबर, सहा वर्षं म्हणत आला तसाच.

ती उठली नाही. एरवी या क्षणी ती टॅबवर बोट दाबायची आणि म्हणायची, "छान." आता हातात टॅब नव्हता, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अशी काय बघतेस?"

"रोज विचारायचे, पण तुमच्याकडे बघायचे नाही मी. टॅबकडे बघायचे." तिचा आवाज साधाच होता. "तीन ऐकायचं असायचं मला."

"तुझ्यावर नको घेऊ. मीच सुरुवात केली." त्यानं तारेचं रीळ खाली ठेवलं. "पहिल्यांदा तीन म्हणालो ना, त्याच्या आधी चार महिने तू नीट झोपली नव्हतीस. रिक्षावाल्यावर ओरडायचीस, कुकरवर ओरडायचीस. मी तीन म्हणालो आणि तू रडायलाच लागलीस. मग हसलीस. मग शिरा केलास, त्यात साखर घालायची विसरलीस. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, एवढा आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगतो."

"आणि पुण्याचं पत्र आलं तेव्हा?"

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होत नव्हती.

"तू फोनवर बोलत होतीस," तो शेवटी म्हणाला. "मी आतल्या खोलीत होतो. तू म्हणालीस, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. किती अभिमानानं म्हणालीस. मी उठून आलोसुद्धा, दारापर्यंत. तोवर तू फोन ठेवला होतास आणि देवापुढे साखर ठेवत होतीस."

"हाक मारायची होती, अहो. नुसती हाक मारायची होती."

"हो."

"पाच वर्षांच्या आत बसवायला हवी होती ती तार. आता नाही बसवत ते."

"माहीत आहे. ते पत्र मीही वाचलंय."

तिनं त्याच्या डाव्या पायावर हात ठेवला. किती हलका ठेवायचा ते तिला कळेना. सहा वर्षं ती याच पायावरून घाईघाईनं पांघरूण सारखं करत आली होती. आता नुसत्या तळव्याच्या स्पर्शानं त्याच्या गुडघ्यापासून खाली एक बारीक थरथर गेली, आणि तिनं हात उचलला.

"राहू दे," तो म्हणाला. "ठेव. उचलू नको."

तिनं हात परत ठेवला. त्यानं डोळे मिटले, आणि त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. या घरात इतकी वर्षं तिनं पाहिलेला चेहरा त्यानं रोज सकाळी उठून चढवलेला होता, हे तिला तेव्हा दिसलं. खालचा चेहरा फार म्हातारा होता.

"दुखतंय गं, सुवर्णा," तो म्हणाला. "फार दुखतंय. एक दिवससुद्धा थांबलेलं नाही."